जाळ्यावरील कोठार अडते तेव्हा



आजचा विषय काहीसा रूक्ष वाटण्याचा संभव आहे. संगणक, त्याची डिस्क, त्या डिस्कची प्रत आणि ती प्रत ठेवण्याचे कोठार, यांत ऐकण्यासारखे काय असणार, असे आपल्यापैकी काहींना वाटले तर नवल नाही. परंतु आपली मुले ज्या प्रयोगशाळेत परीक्षेला बसतात तेथील चाळीस संगणक एका रात्रीत तयार करावयाचे असतात, तेव्हा सारा भार या कोठारावर पडतो. सोमवारी सकाळी दहाला परीक्षा आणि रविवारी रात्री नऊला कोठाराचे दार बंद, असा प्रसंग माझ्यावर आलेला आहे. त्या रात्री जे शिकलो, तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

प्रथम कामाची रीत पाहू. चाळीस संगणकांवर एकेक प्रोग्राम हाताने बसवीत गेलो तर आठवडा जाईल. म्हणून एक संगणक मन लावून तयार करतात, त्याच्या डिस्कची हुबेहूब प्रत काढतात आणि ती बाकीच्यांच्या डिस्कवर उतरवितात. या प्रतीला इमेज म्हणतात. आम्ही यासाठी फॉग ही विनामूल्य आणि मुक्त प्रणाली वापरतो.

आता हे घडते कसे? संगणक सुरू होताना स्वतःच्या डिस्ककडे न वळता नेटवर्कवर हाक देतो. डीएचसीपी ही सेवा त्याला पत्ता देते आणि सर्व्हर कोठे आहे ते सांगते. टीएफटीपी ही दुसरी सेवा त्याला एक चिमुकला प्रोग्राम पुरविते. त्याच्या आधारे लिनक्सचा एक लहानसा संच संगणकाच्या मेमरीत चढतो. हा संच एनएफएस या पद्धतीने सर्व्हरवरील इमेजेस नावाचे फोल्डर आपल्याशी जोडून घेतो. एनएफएस ही सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीने १९८४ साली पुढे आणलेली पद्धत. दुसऱ्या यंत्रावरील फोल्डर आपल्याच घरचे असल्यासारखे वापरता यावे, हा तिचा हेतू. फोल्डर जोडले गेले, की पार्टक्लोन हा प्रोग्राम डिस्क वाचतो किंवा लिहितो.

येथे एक बारकावा ध्यानात ठेवा. या कोठाराला दोन दारे आहेत. इमेज उतरविताना संगणक मुख्य फोल्डर जोडतो आणि तेथून केवळ वाचतो. नवी इमेज काढताना मात्र तो आतल्या 'डेव्ह' नावाच्या उपफोल्डरात लिहितो. लिहिण्याची मुभा तेवढीच. धान्य आधी ओसरीवर उतरवून घ्यावे आणि मोजदाद झाल्यावर आत न्यावे, तशी ही व्यवस्था आहे. ओसरीवरून आत नेण्याचे काम एफटीपी ही निराळी सेवा करते, आणि तिला स्वतःचे खाते व पासवर्ड लागतो.

आता त्या रविवारची हकीकत सांगतो. आदल्या आठवड्यात जागा पुरेना म्हणून आम्ही सर्व्हरला मोठी डिस्क जोडली, जुन्या फोल्डरातील सारे तिच्यावर उतरवून घेतले आणि ती इमेजेसच्या जागी लावली. दुपारी नवी इमेज काढली, ती निर्वेध निघाली. त्यामुळे कोठार ठीक आहे, अशी आमची समजूत झाली. रात्री ती उतरवू लागलो तो प्रत्येक संगणक अडला.

मग माणसे घाबरली की जे करतात तेच आम्ही केले. एकाने फायरवॉल बंद केली. दुसऱ्याने सर्व फायलींवर सर्वांना सर्व अधिकार देऊन टाकले. तिसऱ्याने सर्व्हरवरील त्या एफटीपीच्या खात्याचाच पासवर्ड बदलला. दोन तास गेले आणि संगणक जागचा हलला नाही.

अखेर आमच्यातील सर्वांत धाकट्या मुलाने विचारले, "सर, पडद्यावर नेमके लिहिले काय आहे, ते वाचू का?" त्याने वाचले. फोल्डर जोडले गेले होते; तक्रार एवढीच होती, की त्यात एक विशिष्ट फाइल नाही. या फाइलच्या नावाच्या आरंभी टिंब असते, आणि लिनक्समध्ये अशा फायली नेहमीच्या यादीत दिसत नाहीत. आपण खरोखर योग्य फोल्डरात आलो आहो ना, याची खूण म्हणून फॉग ती शोधतो. नव्या डिस्कवर नक्कल करताना आम्ही दिसत होते तेवढेच उचलले. ही खुणेची फाइल मागे राहिली. डेव्ह हे उपफोल्डर मात्र आतल्या सर्व वस्तूंसह गेले होते, त्यामुळे तेथील खूण शाबूत होती. म्हणून इमेज काढता आली, पण उतरविता आली नाही. त्या नावाची रिकामी फाइल तयार करताच दार उघडले.

पण आमची शिक्षा संपली नव्हती. एक प्रोग्राम इमेजमध्ये राहिला होता म्हणून ती पुन्हा काढली. शंभर टक्के झाले आणि शेवटच्या क्षणी संदेश आला, की इमेज हलविता येत नाही. ओसरीवर धान्य पडले, पण आत नेणाऱ्याची किल्ली आम्हीच बदलून ठेवली होती. खात्याचा पासवर्ड आणि फॉगच्या नोंदीतील पासवर्ड यांचा मेळ घातला तेव्हा काम पुढे सरकले. मूळ दोष एक होता. दुसरा आम्ही घाईने जन्माला घातला.

तिसरी अडचण वेगाची होती. इमेज २० जीबीची, संगणक ४०. म्हणजे एकूण ८०० जीबी वाहून न्यायचे. गिगाबिट जोडणीतून सेकंदाला सुमारे ११० एमबी जातात, म्हणजे दोन तास पुरेत. आमच्याकडे मात्र वेग त्याच्या दशांश होता. त्या हिशेबाने वीस तास लागले असते! गिगाबिटला केबलमधील चारही जोड्या लागतात, शंभर मेगाबिटला दोन पुरतात. सर्व्हरच्या केबलमधील एक तार तुटली होती, आणि जोडणी बिनबोभाट खालच्या वेगावर उतरली होती. कोणताही संदेश आला नाही. स्विचवरील दिव्याचा रंग तेवढा बदलला होता. केबल बदलली आणि पहाटे साडेचारला शेवटचा संगणक तयार झाला. परीक्षा वेळेवर झाली.

यावरून मी चार गोष्टी सांगेन. एक, काम कोणत्या पायरीवर थांबले ते आधी ठरवा. पत्ता मिळाला नसेल तर डीएचसीपी, प्रारंभिक प्रोग्राम आला नसेल तर टीएफटीपी, फोल्डर जोडले जात नसेल तर एनएफएस, आणि सारे होऊन शेवटी अडले तर एफटीपी, असा साधारण क्रम आहे. दोन, एका वेळी एकच गोष्ट बदला, ती वहीत लिहा, आणि उपयोग झाला नाही तर पूर्ववत करा. तीन, घाईत उघडलेली दारे काम झाल्यावर बंद करा. इमेजमध्ये पासवर्ड आणि परवाने असू शकतात, आणि नेटवर्कवरच्या कोणालाही ती वाचता येणे धोक्याचे आहे. चार, इमेज उतरविली की त्या संगणकावरील आधीचे सारे पुसले जाते. कोणा विद्यार्थ्याचे वर्षाचे काम तेथे असेल, तर ते आधी बाजूला काढून ठेवा. यंत्र विचारणार नाही. विचारायचे ते आपण.

आमच्या वहीचे पहिले पान त्या रात्रीचे आहे. त्यावर त्या धाकट्या मुलाच्या अक्षरात एकच ओळ आहे : आधी संदेश वाचा.