कूस बदलणारे हात

रमजानमध्ये पहाटे चारच्या सुमारास कामोठ्यातल्या इमारतींत काही खिडक्या उजळतात. त्या घरांत सहेरीची लगबग असते. काही घरांतला दिवा मात्र रात्रभर मालवलेलाच नसतो. तिथे कुणीतरी अंथरुणाला खिळलेलं असतं आणि उशाशी पेशंट सांभाळणारी बाई जागी असते.

सायन-पनवेल महामार्गालगत सिडकोने वसवलेल्या कामोठ्यात एमजीएमसारखं मोठं रुग्णालय आहे. पण पक्षाघाताचा किंवा खुब्याचं हाड मोडलेला पेशंट घरी आला की कुटुंबाची खरी परीक्षा सुरू होते. मुलगा आणि सून दोघंही मानसरोवर किंवा खांदेश्वरहून लोकलने कामाला जाणारी. मग ब्यूरोला फोन जातो आणि बारा तासांच्या ड्यूटीवर एक बाई येते. घरातले तिला मावशी म्हणतात, शेजारी सिस्टर म्हणतात.

ती सिस्टर नसते. परिचारिका होण्यासाठी जीएनएमचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी लागते. मावशी काही महिन्यांचं प्रशिक्षण घेऊन किंवा काम करता करताच शिकलेली असते. इंजेक्शन देणं, सलाईन लावणं तिच्याकडून करून घेऊ नये. अंघोळ, डायपर, भरवणं, लघवीची पिशवी रिकामी करून मोजमाप लिहून ठेवणं, नळीने अन्न दिल्यावर पेशंटला लगेच आडवं न करणं, ही तिची कामं. यातलं सर्वांत मोठं काम म्हणजे साधारण दर दोन तासांनी कूस बदलणं. माकडहाड, टाचा, खुबे यांवर सतत भार राहिला की तिथला रक्तपुरवठा अडतो, कातडी लाल होते आणि पुढे जखम चिघळते. ही जखम झाली तर सगळ्यांना दिसते. झाली नाही, तर त्यामागचे रात्रीचे कष्ट कुणालाच दिसत नाहीत.

परळच्या केईएम रुग्णालयाने हे काम किती मोठं असतं ते दाखवून दिलं. १९७३ साली तिथल्याच परिचारिका अरुणा शानबाग यांच्यावर हल्ला झाला. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी मृत्यू येईपर्यंत, म्हणजे ४१ वर्षांहून अधिक काळ, तिथल्या परिचारिका आणि कर्मचाऱ्यांनी त्यांना सांभाळलं. इतकी वर्षं अंथरुणावर असूनही त्यांना बेडसोअर झाला नाही, ही गोष्ट सर्वोच्च न्यायालयापुढेही आली. ७ मार्च २०११ च्या निकालात न्यायालयाने या सेवेचा गौरव केला. तिथे साथीला पूर्ण रुग्णालय होतं. कामोठ्यातल्या फ्लॅटमध्ये मावशी एकटी असते.

शुश्रूषेचा हा वारसा इस्लामच्या इतिहासातही आहे. मदिनेत रुफैदा नावाच्या महिला जखमींची सेवा करत. खंदकाच्या लढाईत जखमी झालेल्या साद बिन मुआज यांना पैगंबरांनी त्यांच्याच तंबूत ठेवायला सांगितलं, असं चरित्रग्रंथांत आहे.

रोजा ठेवलेली मावशी दिवसभर दुसऱ्याला चमच्याने भरवते, पाणी पाजते आणि स्वतः कोरडी राहते. कधी पेशंटच रोज्याचा हट्ट धरतो. इन्सुलिन घेणारे आजोबा ऐकत नाहीत. तेव्हा कुरआनने आजाऱ्याला सवलत दिली आहे, बरं झाल्यावर रोजे भरून काढता येतात आणि ज्यांना तेही शक्य नाही त्यांनी गरिबाला जेवू घालावं, हे तीच समजावते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषधाची वेळ बदलायची नाही, हेही तीच बजावते.

तिच्यासाठी घरच्यांनाही थोडं करता येतं. मगरिबच्या अजानच्या वेळी दहा मिनिटं पेशंटपाशी कुणी बसलं, तर तिला शांतपणे खजूर तोंडात टाकता येतो. रात्रपाळीत सहेरीसाठी स्वयंपाकघर मोकळं असावं. ईदच्या सुट्टीचं ब्यूरोशी आधीच बोलून बदली बाई ठरवावी आणि त्या दिवसाचा पगार कापू नये. मावशी हिंदू असेल, तर हेच दिवाळीला आणि गौरी-गणपतीला करावं. जड पेशंटची कूस बदलताना घरातल्या एकाने हात लावावा. तिची कंबर वाचते आणि पेशंटलाही आपल्या माणसाचा स्पर्श मिळतो.