भंगारातून खाणीपर्यंत : वेदांत कंपनीची वाटचाल

भंगार म्हटले की डोळ्यांसमोर हातगाडी, तराजू आणि जुन्या तारांचा ढीग येतो. नंदुरबारपासून मालेगावपर्यंत आपले कित्येक बांधव याच धंद्यावर पोट भरतात. याच धंद्यातून एक माणूस जगातील बड्या खाण मालकांच्या रांगेत जाऊन बसला. तो तेथे कसा पोहोचला आणि त्याची किंमत कोणी मोजली, हे दोन्ही व्यापाऱ्याने समजून घेण्यासारखे आहे.

पाटण्याचे अनिल अग्रवाल १९७० च्या दशकात मुंबईला आले. केबल कंपन्यांकडून भंगार घ्यायचे आणि त्यातील तांबे विकायचे, हा त्यांचा व्यवसाय. १९७६ मध्ये त्यांनी कर्ज काढून शमशेर स्टर्लिंग ही केबल कंपनी घेतली. पण तांब्याचे भाव वर-खाली झाले की केबलवाल्याचा नफा वाहून जातो. म्हणून त्यांनी हिशेब केला की धातू आपणच गाळावा, आणि पुढे खाणही आपलीच असावी. कापड विकणाऱ्याने आधी माग घ्यावेत, मग सूतगिरणी घ्यावी, तसाच हा प्रकार.

तांबे गाळण्याचा कारखाना आधी रत्नागिरीत होणार होता. १९९३ मध्ये स्थानिक लोकांनी कडवा विरोध केला आणि तो तामिळनाडूत तुतिकोरिनला गेला.

खरी झेप सरकारी कंपन्यांच्या विक्रीमुळे मिळाली. २००१ मध्ये ‘बाल्को’चे ५१ टक्के भाग ५५१.५ कोटी रुपयांत मिळाले. कोरबाच्या कामगारांनी दोन महिन्यांहून अधिक संप केला, पण सर्वोच्च न्यायालयाने व्यवहार कायम ठेवला. २००२ मध्ये हिंदुस्थान झिंकचा ताबा आला. २००३ मध्ये वेदांत रिसोर्सेस लंडनच्या शेअर बाजारात उतरली आणि परदेशी भांडवलाचे दार उघडले. २००४ मध्ये झांबियाच्या तांब्याच्या खाणी, २००७ मध्ये जपानच्या मित्सुईकडून गोव्याची सेसा गोवा आणि २०११ मध्ये केर्न इंडियाचे तेल. जस्त, तांबे, लोखंड आणि तेल एकाच घरात आले.

आता दुसरी बाजू पाहू. ओडिशाच्या नियमगिरी डोंगरातील बॉक्साइट कंपनीला हवे होते. सर्वोच्च न्यायालयाने निर्णय ग्रामसभांवर सोपवला आणि २०१३ मध्ये बाराही ग्रामसभांनी नकार दिला. आपल्या धडगाव-अक्कलकुव्याच्या ग्राहकांनी ही हकिकत जरूर ऐकावी. पाड्यावरच्या ग्रामसभेचा शब्द लंडनच्या कंपनीपेक्षा भारी ठरू शकतो, हे तेथे सिद्ध झाले. २२ मे २०१८ रोजी तुतिकोरिनला कारखान्याविरुद्धच्या आंदोलनावर पोलिसांनी गोळीबार केला. १३ माणसे मेली आणि कारखान्याला टाळे लागले.

गोव्याचा धडा तर थेट आपल्यासारख्यांसाठी आहे. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामामुळे तेथील खाणी बंद झाल्या. पुढे पुन्हा सुरू झाल्या, पण फेब्रुवारी २०१८ मध्ये न्यायालयाने ८८ पट्टे रद्द केले. कंपनीकडे इतर धंदे होते, ती तगली. पण कर्जाने ट्रक घेतलेला माणूस, बार्जवाला, गॅरेजवाला, खाणावळवाला यांच्याकडे दुसरे काय होते?

कर्जाचा हिशेब कंपनीलाही चुकला नाही. कर्जावर उभ्या राहिलेल्या या घराण्याच्या लंडनच्या मूळ कंपनीला पुढे कर्जफेडीचीच सर्वात मोठी चिंता लागली, आणि भारतातील कंपन्यांचा लाभांश त्यासाठी वर जाऊ लागला.

आपण यातून काय घ्यावे? आपल्या मालाचे मूळ कोठे आहे आणि भाव कोण ठरवतो, हे ओळखण्याची अग्रवालांची नजर जरूर घ्यावी. पण एकाच मोठ्या गिऱ्हाइकाच्या भरवशावर कर्ज काढू नये. आणि ज्यांच्या जमिनीवर धंदा उभा करायचा, त्यांची रजामंदी आधी घ्यावी. ती नसेल तर कितीही मोठ्या दुकानाला एक दिवस कुलूप लागते.