टोक नसलेला आरएनए

२९ ऑक्टोबर २०२१ रोजी पुनीत राजकुमार गेले. वय अवघं ४६. त्यानंतर काही महिन्यांनी माझ्या काकांच्या छातीत दुखायला लागलं, तेव्हा घरात कुणीच ‘गॅस असेल’ म्हणालं नाही. पहिला ईसीजी ठीक आला. ट्रोपोनिनच्या रक्तचाचणीने झटका उघड केला. पण ट्रोपोनिन रक्तात येतं ते हृदयाच्या पेशींना इजा झाल्यावर. “आता हृदय कितपत सावरेल?” या काकूच्या प्रश्नाला ते पुरतं उत्तर देत नाही. त्याच प्रश्नाच्या मागे लागून मी, साहित्याची विद्यार्थिनी, वर्तुळाकार आरएनएपर्यंत पोचले.

डीएनएवरचा मजकूर पेशी आधी आरएनएमध्ये उतरवून घेते. हा कच्चा खर्डा. त्यातले नको ते तुकडे कापून कामाचे तुकडे क्रमाने जोडले जातात आणि त्यावरून प्रथिन बनतं. कधी मात्र नंतरच्या तुकड्याचं शेपूट वळून आधीच्या तुकड्याच्या तोंडाला चिकटतं आणि कडं तयार होतं. आरएनए कुरतडणारी बरीच विकरं टोकाकडून सुरुवात करतात. इथं टोकच नाही! रोझरी तुटली तर मणी ओघळतात, गाठ पक्की असेल तर राहतात, तसंच हे. म्हणून ही कडी जास्त टिकतात, रक्तातही सापडतात. १९७९ मध्येच ती पेशींत दिसली होती, पण बरीच वर्षं ती कापाकापीतली चूकच समजली गेली.

ती करतात काय? २०१६ मध्ये उंदरांवरच्या अभ्यासात ‘एचआरसीआर’ नावाचं कडं सापडलं. मायक्रोआरएनए-२२३ हृदय फुगवून थकवतो. हे कडं त्याला स्पंजासारखं धरून ठेवतं. ‘सर्कएएनआरआयएल’ हे दुसरं कडं रक्तवाहिन्यांना चरबीच्या थरांपासून जपतं, असं त्याच वर्षी दिसलं. पण सगळीच कडी भली नाहीत. ‘सर्कफॉक्सो३’ वाढलं की हृदयाच्या पेशी लवकर म्हाताऱ्या होतात.

काकूच्या प्रश्नाच्या सगळ्यात जवळ जातं ते ‘मायक्रा’. लक्झेंबर्गच्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं, की झटक्यानंतर ज्यांच्या रक्तात मायक्रा कमी, त्यांचं हृदय पुढे कमकुवत होण्याचा धोका जास्त.

कापाकापीचा हा विषय आपल्यापासून दूर नाही. भारतीय उपखंडातल्या सुमारे ४ टक्के लोकांत ‘एमवायबीपीसी३’ या जनुकातली २५ अक्षरं गायब असतात, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. त्यामुळे जोडताना एक तुकडा गळतो आणि उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका वाढतो. इथं कडं नाही, पण कात्री तीच.

कड्यांची चाचणी अजून नेहमीच्या तपासण्यांत आलेली नाही. तोवर छातीत दुखलं, घाम सुटला, तर सोडा पिऊन वाट बघू नका, १०८ लावा. काका आज संध्याकाळी फिरायला गेलेत, ते वेळेत पोचल्यामुळे.