लोणी शोधली, दोन गावे रंगली

माळेगाव, सोमेश्वर, भवानीनगरचा छत्रपती, इंदापूरकडचे कर्मयोगी आणि नीरा-भीमा: या कारखान्यांच्या पट्ट्यात ऊसनोंद म्हणजे गाव, लागणीची तारीख, उसाची जात, आडसाली की खोडवा, अशी लांबलचक यादी. ती एक्सेलमध्ये असेल तर ‘कंडिशनल फॉरमॅटिंग’मधल्या ‘टेक्स्ट दॅट कंटेन्स’ने हवा तो शब्द असलेले रकाने (सेल) आपोआप रंगतात. सोय उत्तम आहे, पण तिच्यावर भलताच विश्वास टाकला जातो.

पहिला गैरसमज, एक्सेल शब्द शोधते. खरे तर ते सलग अक्षरे जुळवते. ‘लोणी’ लिहिले की बारामतीतले लोणी भापकर आणि इंदापुरातले लोणी देवकर दोन्ही रंगतात. ‘सुपे’ शोधाल तर जळगाव सुपेही येते, ‘शेटफळ’ म्हटले की शेटफळगढे आणि शेटफळ हवेली दोन्ही. शेऱ्यात ‘खोडवा नाही’ असे असले तरी ‘खोडवा’चा नियम तो रकाना रंगवतोच, कारण ‘नाही’चा अर्थ त्याला कळत नाही. म्हणून पूर्ण नाव लिहा, किंवा ‘इक्वल टू’ वापरा. मात्र ‘इक्वल टू’ला शब्दामागे चुकून पडलेली मोकळी जागाही चालत नाही.

दुसरा गैरसमज जास्त महागात पडतो: रंगले नाही, म्हणजे यादीत नाही. एकाने ‘नीरा’ लिहिले, दुसऱ्याने ‘निरा’. संगणकाला हे दोन वेगळे शब्द. उसाची जात ‘को 86032’ अशी लिहिलेली असेल आणि खाली कुणी ‘को ८६०३२’ टंकले असेल, तर इंग्रजी अंकांचा नियम मराठी अंकांना शिवत नाही. ‘कोऱ्हाळे’मधला अर्धा र तर दोन प्रकारे टंकता येतो. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण साठवलेले संकेत निराळे असल्याने जुळणी चुकू शकते. अशा वेळी शब्द नव्याने टंकू नका. यादीतूनच कॉपी करून नियमात चिकटवा आणि प्रत्येक रूपासाठी वेगळा नियम करा. एका शेतकऱ्याची नोंद नुसत्या वेलांटीपायी नजरेआड राहणे मला अजिबात मान्य नाही.

तारखांचेही तसेच. रकान्यात जुलै दिसतो, पण एक्सेलच्या पोटात 15 जुलै 2024 म्हणजे 45488 हा आकडा असतो. त्यामुळे ‘जुलै’ शोधून जुलैतली आडसाली लागण सापडत नाही. तिथे दोन तारखांमधला नियम, ‘बिटवीन’, लावावा.

संपूर्ण ओळ रंगेल असेही अनेकांना वाटते. रंगतो फक्त तो रकाना. ओळ हवी असेल तर सूत्राचा नियम लिहून स्तंभाच्या अक्षराआधी डॉलरचे चिन्ह द्यावे लागते. आणि हा रंग पक्का नसतो. मजकूर बदलला की तो जातो. ‘काउंटइफ’ही रंग मोजत नाही, मजकूरच मोजते.

नियम लावल्यावर रंगानुसार फिल्टर करा आणि बिनरंगी ओळी एकदा डोळ्यांखालून घाला. राहून गेलेली नावे बहुधा तिथेच असतात.