मोंगला: आडवाटेने घेतलेले बंदर
छाप्याचे मोल जुन्नर-आंबेगावच्या वाचकाला पटवून द्यावे लागत नाही. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी रात्रीच्या अंधारात जुन्नरच्या तटाला शिड्या लावून मोगलांचे होन आणि घोडे नेले. त्याला कोणी किरकोळ चकमक म्हणत नाही. १९७१ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातले मोंगला बंदर घेणारे कमांडर मोहन नारायणराव सामंत यांनाही हाच न्याय लावला पाहिजे. ‘करंज’ पाणबुडीचे हे पहिले कप्तान. युद्धापूर्वीच्या महिन्यांत पलाशीजवळच्या छावणीत बंगाली तरुणांना पोहत जाऊन जहाजाच्या बुडाला सुरुंग चिकटवायला शिकवण्याच्या कामात ते होते. या तरुणांनी १५ ऑगस्टच्या रात्री चितगाव, मोंगला, चांदपूर आणि नारायणगंज इथे एकाच वेळी जहाजे उडवली. डिसेंबरात सामंत स्वतः निघाले, तेही युद्धनौका घेऊन नव्हे. कोलकाता बंदराच्या दोन साध्या बोटींवर बोफोर्स तोफा चढवून ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ तयार केल्या होत्या. सोबत नौदलाची छोटी गस्ती नौका ‘पनवेल’ आणि सीमा सुरक्षा दलाची ‘चित्रांगदा’.

मोंगल्यात १० डिसेंबरला फारसा प्रतिकारच झाला नाही, मग पराक्रम कसला, असे कोणी विचारेल. पण प्रतिकार का झाला नाही, हे पाहायला नको का? सुंदरबनातल्या अनोळखी, गाळाने भरलेल्या खाड्यांतून कोणी येईल, अशी शत्रूची अपेक्षाच नव्हती. तिथे एखादी बोट रुतली असती तर सगळा ताफा आयता सापडला असता. रक्त कमी सांडले ते वाट अवघड निवडली म्हणून. दुसरा आक्षेप जास्त जड आहे. त्याच दिवशी ताफा पुढे खुलन्याकडे गेला, तेव्हा खुलन्याजवळ आपल्याच हवाई दलाने चुकून केलेल्या हल्ल्यात ‘पद्मा’ आणि ‘पलाश’ बुडाल्या, ‘पलाश’वरचे बंगाली नौसैनिक रुहुल अमीन प्राणास मुकले. ही चूक भयंकर होती आणि ती झाकण्यात अर्थ नाही. मात्र विमाने आपली आहेत हे ओळखून बोटींनी त्यांच्यावर तोफा चालवल्या नाहीत. असा संयम मला गोळीबारापेक्षा कठीण वाटतो. निम्मा ताफा गेल्यावर परतणे क्षम्य ठरले असते. पण ‘पनवेल’ने वाचलेल्यांना पाण्यातून काढले आणि खुलन्याच्या किनाऱ्यावरील माऱ्याला तोंड दिले. सामंत आणि ‘पनवेल’चे कप्तान नोरोन्हा यांना महावीर चक्र मिळाले, रुहुल अमीन यांना बांगलादेशाचा सर्वोच्च ‘बीरश्रेष्ठ’ सन्मान मरणोत्तर मिळाला.