तीन मिनिटांचा डाव

पवईच्या तलावाकांठीं संध्याकाळीं फिरावयास येणाऱ्या आम्हां निवृत्त मंडळींचा एक लहानसा कट्टा आहे. पूर्वीं तेथें आमच्यापैकीं दोघे बुद्धिबळाचा पट मांडून बसत आणि बाकीचे कोणीं न विचारतां सल्ला देत. एकदां डाव सुरू झाला म्हणजे तो दिवेलागणीपर्यंत आटपेलच अशी खात्री नसे. आतां त्याच कट्ट्यावर माझा नातू हातांत फोन घेऊन बसतो, आणि मी थोडें चालून परत येईपर्यंत चार डाव खेळून मोकळा झालेला असतो. 'आजोबा, तीन मिनिटांचा डाव आहे,' एवढाच त्याचा खुलासा. 'विचार करून उत्तर द्या, घाई करूं नका' असें मुलांना सांगण्यांत ज्याचा सारा जन्म गेला, त्या माझ्यासारख्या शाळामास्तरास हें ऐकून प्रथम राग यावा हें साहजिकच आहे. तीन मिनिटांत कसला विचार होणार? हा बुद्धीचा खेळ कीं बोटांचा?

परंतु रागावण्यापूर्वीं वस्तुस्थिति समजून घ्यावी, हाहि धडा मीं वर्गांत अनेकदां दिला होता. तेव्हां तो स्वतःच गिरवावा म्हणून मीं या वेगवान खेळाची चौकशी केली. तींत जें हातीं लागलें तें आज आपणांपुढें ठेवीत आहें. उदाहरण दूरचें घेण्याचें कारण नाहीं. नागपूरच्या कुमारी दिव्या देशमुख हिचें आपल्या घरचेंच आहे.

आधीं घड्याळाविषयीं दोन शब्द. पाश्चात्त्य पद्धतीच्या बुद्धिबळांत दोन्हीं खेळाडूंना वेळ वांटून दिलेला असतो. आपली खेळी झाली कीं आपलें घड्याळ थांबतें आणि प्रतिपक्षाचें चालूं लागतें. ज्याचा वेळ संपला तो सामान्यतः हरला, मग पटावर त्याची स्थिति कितीहि वरचढ असो. लंडनच्या १८८३ सालच्या स्पर्धेंत अशीं जोडघड्याळें वापरण्यांत आलीं. त्यापूर्वीं वाळूच्या घटिकायंत्रांवर काम भागवीत. आज मोठ्या स्पर्धेंतील दीर्घ डाव चार-पांच तास चालूं शकतो. दहा मिनिटांहून अधिक पण तासाहून कमी वेळाचा तो जलद डाव, आणि दहा मिनिटें किंवा त्याहून कमी वेळाचा तो अतिजलद. तीन मिनिटांच्या डावांत बहुधा प्रत्येक खेळीमागें दोन सेकंद घड्याळांत जमा होतात. अशी भर घालणाऱ्या घड्याळाच्या पेटंटासाठीं अमेरिकन जगज्जेता बॉबी फिशर यानें १९८८ सालीं अर्ज केला होता. निव्वळ एका मिनिटाचाहि डाव असतो. त्याला मुलें 'बुलेट' म्हणतात, आणि तें नांव यथार्थच आहे.

आतां नागपूरकडे वळूं. दिव्याचा जन्म डिसेंबर २००५ मधला. आईवडील दोघेहि डॉक्टर. जून २०२५ मध्यें लंडन येथें जलद व अतिजलद खेळाची जागतिक सांघिक स्पर्धा झाली. तींत अतिजलद विभागाच्या उपांत्य सामन्यांत तिची गांठ चीनच्या हू यिफान हिच्याशीं पडली. स्त्रियांच्या जागतिक गुणांकनांत हू यिफान तेव्हां पहिल्या स्थानावर होती. हा डाव दिव्यानें ७४ खेळ्यांत जिंकला. जुन्या संवयीनें मीं गणित मांडून पाहिलें. तीन मिनिटांचे १८० सेकंद, ७४ खेळ्यांचे प्रत्येकीं दोन प्रमाणें १४८, एकूण ३२८. म्हणजे प्रत्येक खेळीस सरासरीनें साडेचार सेकंदहि नाहींत. तेवढ्या अवधींत समोरची खेळी पाहावयाची, तिच्यांतील धोका ओळखावयाचा, आपली खेळी ठरवावयाची आणि मोहरा हलवून घड्याळ दाबावयाचें! हें कसें घडतें?

याचें उत्तर शास्त्रज्ञांनीं फार पूर्वींच शोधिलें आहे. डच मानसशास्त्रज्ञ आणि स्वतः निष्णात खेळाडू असलेले आद्रियान द ख्रोट यांचा ग्रंथ १९४६ सालीं प्रसिद्ध झाला. थोर खेळाडू सामान्य चांगल्या खेळाडूपेक्षां फार अधिक खेळ्यांचा हिशेब करतो असें नाहीं, असें त्यांना आढळलें. मात्र खऱ्या डावांतील एखादी स्थिति त्याला कांहीं सेकंदच दाखवून झांकून ठेविली, तर ती तो जवळजवळ बिनचूक मांडून दाखवितो. पुढें १९७३ सालीं अमेरिकेंत विल्यम चेस व हर्बर्ट सायमन यांनीं त्यांत एक मार्मिक भर घातली. त्यांनीं मोहरे पटावर कसेतरी, अर्थ न लागेल असे विखरून दाखविले. तेव्हां थोर खेळाडूची ती अद्‌भुत स्मृति बहुतेक लोपली. याचा अर्थ असा कीं, त्याची स्मरणशक्ति सामान्य माणसाहून निराळी नसते. त्याच्या डोळ्यांना पटावर सुटे मोहरे दिसत नाहींत, ओळखीचे समूह दिसतात.

आपल्यापैकीं वडीलधाऱ्यांना यासाठीं परदेशीं जाण्याची गरज नाहीं. पावकी, निमकी, दिडकी तोंडपाठ असलेला जुना मुनीम आठवा. साडेसात शेरांचा भाव विचारला कीं उत्तर त्याच्या ओठांवर असे. तो त्या क्षणीं गुणाकार करीत नसे. लहानपणीं घोकून ठेविलेलें फक्त उचलीत असे. ग्रँडमास्टर ही बुद्धिबळांतील सर्वोच्च पदवी ज्याला मिळते, त्याच्यापाशीं अशा परिचित स्थितींचे हजारों पाढे असतात. अतिजलद खेळांतील त्याचें पहिलें बळ तें हेंच. दुसरें बळ सुरुवातीच्या खेळ्यांच्या अभ्यासाचें: पहिल्या दहा-पंधरा खेळ्या तो विचारावांचून खेळतो आणि वेळ शिल्लक टाकतो. तिसरें बळ धीराचें: स्थिति बिघडली तरी पट गुंतागुंतीचा ठेवून समोरच्याला प्रत्येक खेळीस प्रश्न घालावयाचा. लंडनच्या त्या डावांत ७४ खेळ्यांपर्यंत तग धरली गेली, ती या तिसऱ्या बळावांचून शक्य नव्हती.

परंतु जें बळ तेंच कित्येकदां व्यंग ठरतें. ओळखीवर विसंबणाऱ्यास फसवी ओळख गोत्यांत आणते. स्थिति नेहमींचीच दिसते, फक्त एक प्यादें एका घरानें पुढें असतें, आणि पाठ असलेली उत्तम खेळीच घातक होते. दुसरें व्यंग अधिक सज्जनपणाचें आहे. ज्याला खोल पाहतां येतें त्याला उत्कृष्ट खेळीच हवी असते. चांगलीवर त्याचें समाधान होत नाहीं. माझ्या वर्गांत एक अत्यंत हुशार मुलगा होता. पहिल्या प्रमेयाची आकृति तो इतकी रेखीव काढी, सिद्धता इतकी नीटस लिही, कीं घंटा होई तेव्हां शेवटचीं दोन गणितें कोरीं राहात. त्याच्याहून मंद मुलें त्याच्यापुढें जात. घड्याळाच्या खेळांत पुष्कळ थोर खेळाडूंची हीच गत होते. एका खेळीवर एक मिनिट खर्चून सर्वोत्तम मार्ग शोधावा, आणि पुढें तो मार्ग चालण्यास वेळच उरूं नये! तिसरें व्यंग मनाचें: एक डाव हातचा गेला कीं त्याचा सल पुढच्या डावांत घेऊन बसणें. दीर्घ खेळांत रात्र मध्यें पडते. येथें दुसरा डाव अर्ध्या मिनिटांत सुरू होतो.

वेळ बदलला कीं त्याच खेळाडूंचा क्रमहि बदलतो, हें कलकत्त्याच्या २०२३ सालच्या स्पर्धेंत दिसलें. दहा खेळाडूंत दिव्याचें गुणांकन सर्वांत कमी होतें. तिला आयत्या वेळीं दुसऱ्या खेळाडूच्या जागीं बोलाविलें होतें. जलद विभागांत तीच पहिली आली, जगज्जेती जू वेन्जून हिच्याहि पुढें. परंतु लगोलग झालेल्या अतिजलद विभागाचें विजेतेपद जू वेन्जून हिनें पटकाविलें.

आतां हाच खेळ इंटरनेटवर आला म्हणजे काय होतें? समोर माणूस नसतो. त्याच्या कपाळावरची आठी, मोहऱ्यावर घुटमळणारा हात, कांहींच दिसत नाहीं. सपाट पडद्यावर नजर बसण्यास वेगळी संवय लागते. पटावर वाढलेल्या खेळाडूस ती उशिरां येते, तर फोनवर वाढलेल्या पोरास आधींच असते. प्रतिपक्ष विचार करीत असतांनाच आपली पुढची खेळी आगाऊ नोंदवून ठेवण्याची सोय असते. अंदाज बरोबर निघाला तर वेळेचा खर्च जवळजवळ शून्य. चुकला तर वजीर गेला! शिवाय बोट घसरून उंट भलत्याच घरांत पडला, तर क्षमा नाहीं. आणि या सर्वांवर एक संकट असें आहे कीं, ज्यावर कोणाच्याहि बुद्धीची मात्रा चालत नाहीं.

३० ऑगस्ट २०२० चा रविवार. साथीमुळें त्या वर्षींची ऑलिंपियाड इंटरनेटवर घेतली गेली. प्रत्येकास १५ मिनिटें आणि खेळीमागें ५ सेकंद. भारताच्या संघाचा नायक नाशिकचा विदित गुजराथी होता. संघांत विश्वनाथन आनंद व कोनेरू हंपी यांच्यासारखे ज्येष्ठ होते, गोव्याची भक्ती कुलकर्णी होती, आणि चौदा वर्षांची दिव्याहि होती. अंतिम सामना रशियाशीं. पहिली फेरी ३–३ अशी बरोबरींत सुटली. दुसऱ्या फेरींत डाव ऐन रंगांत असतांना निहाल सरीन व दिव्या यांचा संपर्क तुटला. त्या दिवशीं इंटरनेटच्या जाळ्यांत मोठा बिघाड होऊन अनेक देशांना त्याचा फटका बसला होता. पट दिसेना, घड्याळ मात्र चालतच राहिलें, आणि दोघांचेहि डाव वेळेवर गेले. ती फेरी ४½–१½ अशी रशियाकडे गेली. भारतानें दाद मागितली, आणि जागतिक संघटनेच्या अध्यक्षांनीं दोन्ही संघांना सुवर्णपदक देण्याचा निर्णय केला. न्याय झाला खरा. तथापि घरच्या खोलींत एकटी बसलेली ती चौदा वर्षांची मुलगी डोळ्यांपुढें आणा. मोहरे अजून जिवंत आहेत, मस्तकांत खेळी तयार आहे, पण ती पोंचवितां येत नाहीं!

अशा वेळीं खेळाडूची खरी कसोटी पुढच्या डावांत असते. पांच वर्षांनीं, जुलै २०२५ मध्यें, जॉर्जिया देशांतील बाटुमी येथें स्त्रियांच्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यांत दिव्यापुढें उभी राहिली ती पूर्वींची संघसोबतीण कोनेरू हंपीच. २६ व २७ तारखेचे दोन्ही दीर्घ डाव बरोबरींत सुटले. २८ तारखेस १५ मिनिटांच्या जलद डावांवर निकाल लावावयाचा होता. पहिला बरोबरींत गेला. दुसऱ्यांत काळे मोहरे घेऊन खेळणाऱ्या दिव्याच्या हातून विजय एकदां निसटला आणि वेळेच्या ओढाताणींत हंपीची चूक होतांच पुन्हां हातीं आला. तो तिनें मग सोडला नाहीं. या विजयानें ती ग्रँडमास्टर झाली, भारतांतील ८८ वी. डोळे पुसून झाल्यावर ही विजेती काय बोलली? तर, अंताचे डाव आपण नीट शिकले पाहिजेत! पंधरा मिनिटांच्या घाईनें जें व्यंग उघडें पाडलें, त्याची दुरुस्ती ती सावकाश अभ्यासांतच शोधीत होती.

श्रोतेहो, माझ्या रागाचें उत्तर मला येथें मिळालें. वेग ही स्वतंत्र विद्या नव्हे. मुद्दल जमतें तें संथ अभ्यासांत. वेगाच्या खेळांत तें खर्चावयाचें असतें. खर्च करतांना आपली पेढी किती भरलेली आहे आणि कोठें रिकामी आहे, हें चटकन् कळतें, एवढा या खेळाचा लाभ खरा. परंतु मुद्दल न जमवितां जो नुसता खर्चच करीत सुटतो, त्याच्या हातीं अखेर घाईची संवय तेवढी उरते.

गेल्या महिन्यांत नातवाचा जिंकत आलेला डाव इंटरनेट तुटल्यानें गेला. त्यानें फोन आपटला आणि जेवावयास आला नाहीं. मीं त्याला उपदेश केला नाहीं. नागपूरच्या त्या मुलीची हकीकत सांगितली. नंतर आम्हां दोघांत एक करार झाला. रोज त्यानें तीन मिनिटांचे डाव पांचच खेळावेत, त्यांतील हरलेला एक कागदावर उतरून त्यांतली चूक शोधावी, आणि दर रविवारीं माझ्याशीं पटावर एक डाव खेळावा, घड्याळावांचून. दोन रविवार झाले. दोन्हीं डाव मी हरलों. तिसऱ्याची तयारी सध्यां चालू आहे.