सूनबाई, हात घट्ट धर!

फ्लॅटमध्ये मंगळागौर जागवायची, तर आधी सोफा भिंतीला लावावा लागतो! गेल्या श्रावणात आमच्या नेरूळच्या घरी सूनबाईची पहिली मंगळागौर झाली. झिम्मा, पिंगा ती भराभर शिकली. फुगडी मात्र जमेना. हातांची अढी घातली, पावलं जुळवली, पण अंग मागे टाकायला धजेना. खरी मेख तिथंच. दोघींनी सारखा भार मागे सोडला, तरच फुगडी फिरते. एक आखडली, की दोघी अडखळतात. माझे गुडघे साठीचे. बसफुगडी तर डॉक्टरांनी बंदच केलीय. तरी पदर खोचून उभी राहिले.

"आई, सोडणार नाही ना?" तिनं विचारलं.

एरवी आमचं 'अहो'वरच भागायचं.

पाचच फेरे झाले. दोघींनाही धाप लागली.